परीक्षक म्हणाले "हे एडिटिंग आहे, फोटोग्राफी नाही". जुने मोठे फोटोग्राफर खरंच काहीच करायचे नाहीत का?

घाटवाट:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंभार्ली घाटाच्या वर, पाटणच्या बाजूला, कोकणातून परत निघालेला धनगरांचा वाडा भेटला. दोनेकशे मेंढरं, तीन घोडी सामानाची, आणि सगळ्यात मागे खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा. पाऊस अगदी डोक्यावर आलेला, आभाळ काळंकुट्ट, आणि खाली मेंढरांच्या पाठीवर मात्र ढगांच्या फटीतून आलेला उजेड. मी चार-पाच फ्रेम काढल्या आणि मग पाऊसच कोसळला. घरी येऊन बघतो तर फाईलमध्ये आभाळ राखाडी, सपाट. कॅमेऱ्याने मेंढरांवर एक्स्पोजर धरलेलं. मग मी ब्लॅक अँड व्हाइट केला, आभाळ खाली ओढलं, पाठी थोड्या उजळल्या, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जरा प्रकाश दिला. काही घातलं नाही, काही काढलं नाही. फोटोचा दुवा सोबत देतोय.

आमच्या भागातल्या एका स्पर्धेत दिला. परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे कॉम्प्युटरचं काम आहे, फोटोग्राफी नाही, जुने लोक जसं दिसलं तसं टिपायचे म्हणून ते कलाकार. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मला बक्षीस नको होतं हो, पण माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं तेच तर मी परत आणलं असं मला वाटत होतं, आणि आता मलाच शंका यायला लागलीये.

तर प्रश्न असा की मोठमोठे फोटोग्राफर, ज्यांच्यामुळे फोटोला कला म्हणायला लागले, ते खरंच जसं आलं तसं छापायचे का? आणि हे समजून घ्यायला कुणाचं काम बघू?

---

नियमाने_चला:
स्पर्धेचे नियम काय होते ते आधी बघा. नियमात 'फक्त बेसिक करेक्शन' असं असेल तर परीक्षकांना दोष देता येणार नाही. बातमीच्या फोटोग्राफीत हे फार कडक आहे आणि असायलाच हवं. वर्ल्ड प्रेस फोटो ही बातमीच्या फोटोंची जागतिक स्पर्धा, तिथले लोक शेवटच्या फेऱ्यांत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाईल मागून घेतात आणि ताडून बघतात. २०१५ साली तर शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा त्यांनी याच कारणाने बाद केला होता. मी स्वतः बारा वर्षं वर्तमानपत्रात काम केलंय. फोटोतला एक दगड जरी उडवला तरी वाचकाने तुमच्या पुढच्या कुठल्याच फोटोवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. कला वगैरे नंतर.

---

लाल_दिवा:
घाटवाट, तुझा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी १९७९ पासून तालुक्याच्या गावी स्टुडिओत होतो, आधी पाणी भरायला मग डार्करूमला (फोटो धुवायची-छापायची अंधारी खोली) मग रिटचिंगला (निगेटिव्हवर हाताने सुधारणा), पस्तीस वर्षं काढली. त्यामुळे "जुने लोक जसं दिसलं तसं टिपायचे" हे वाक्य ज्याने डार्करूमचा दरवाजा लावून घेतलेला नाही तोच बोलू शकतो असं माझं मत आहे, त्या परीक्षकांचा अपमान करायचा नाहीये.

आधी मोठ्या माणसाचं सांगतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. अमेरिकेतला. निसर्गाचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हटलं की जगात पहिलं नाव याचं. १९३२ मध्ये यानेच एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरेंबरोबर एफ-६४ नावाचा गट काढला. त्यांचं म्हणणं होतं की फोटो फोटोसारखा दिसू दे, तेव्हाच्या फॅशनप्रमाणे धूसर करून चित्रासारखा कशाला करायचा, लेन्सचं तोंड बारीक करा म्हणजे गवताची काडीन्‌काडी स्वच्छ येते. म्हणजे तुझ्या परीक्षकांच्या बाजूचा वाटेल असा माणूस.

आता त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो घे, 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको'. १ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. दिवसभर मनासारखं काही मिळालं नाही म्हणून गाडी घेऊन सांता फेकडे परत निघालेला, तर वाटेत एक लहान गाव, दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रॉसवर मावळतीचा शेवटचा उजेड आणि वर चंद्र. गाडी थांबवली, आठ बाय दहा इंचाचा कॅमेरा लावला, आणि लाइट मीटर सापडेना. पण पौर्णिमेच्या आसपास चंद्र किती उजळ असतो तो आकडा त्याला पाठ होता, त्यावरून मनात हिशेब केला आणि एक शॉट घेतला. दुसऱ्या शॉटसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रॉसवरचा उजेड गेला. एकच निगेटिव्ह. हा झाला टिपण्याचा भाग, त्याबद्दल सगळे बोलतात.

पण पुढचं ऐक. त्या निगेटिव्हमध्ये खालचा भाग इतका पातळ होता की १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनात बुडवून दाट करून घेतला. आभाळात वरपर्यंत ढगांचे फिकट पट्टे होते, सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ते दिसतात, आभाळ करडं आहे. नंतर नंतर त्याने एनलार्जरखाली (निगेटिव्हमधून कागदावर उजेड टाकून प्रिंट काढायचं यंत्र) वरचा भाग जास्त वेळ जाळला, म्हणजे तिथे कागदाला जास्त उजेड दिला, आणि पट्टे गिळून टाकले, शेवटच्या वर्षांतल्या प्रिंटमध्ये आभाळ जवळजवळ काळं आहे. एकाच निगेटिव्हच्या हजाराच्या वर प्रिंट्स काढल्यात त्याने आयुष्यभर, आणि तरुणपणीची न्‌ म्हातारपणीची शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या संध्याकाळी वाटतील. तो मुळात पियानो शिकलेला माणूस. म्हणायचा की निगेटिव्ह म्हणजे गाण्याचं नोटेशन आणि प्रिंट म्हणजे गाणं सादर करणं. आपल्याकडे एकच चीज एकच गवई रोज वेगळी मांडतो तेव्हा आपण त्याला फसवणूक म्हणत नाही ना.

आता आमच्या स्टुडिओचं. निगेटिव्ह रिटच करायचं एक उतरतं लाकडी डेस्क असायचं, मधे काच, खाली आरसा, खिडकीचा उजेड आरशावरून वर यायचा. पेन्सिलीचं शिस बोटाच्या दोन पेरांएवढं उघडं काढून काचकागदावर सुईसारखं घासायचं. निगेटिव्हला कापसाने मीडियमचा एक थेंब चोळायचा म्हणजे शिस धरतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निगेटिव्हमध्ये मोकळी, पारदर्शक दिसतात, तिथे स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघा भरत जायचं, प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते. लग्नाला निघालेल्या प्रत्येक मुलीचा फोटो, प्रत्येक, असाच जायचा. मुलाकडे पत्रिकेबरोबर जायचा तोच.

एकदा एका गृहस्थांनी आईचा फोटो काढून घेतला. म्हातारीच्या तोंडावर देवीचे वण. उस्ताद म्हणाले साफ कर. मी दोन तास बसून गाल अगदी गुळगुळीत केले, मला त्या कामाचा अभिमान वाटला. मुलगा आला, फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला आणि म्हणाला, काम चांगलंय पण ही आमची आई नाही. मी टर्पेंटाइनने सगळं पुसलं आणि परत प्रिंट काढून दिली. पैसे त्याने दोन्हीचे दिले. तेव्हापासून माझ्यापुरतं ठरलं, हात किती फिरवला हा प्रश्नच नाही, ज्याने पाहिलंय त्याला तो फोटो ओळखता आला पाहिजे. तुझ्या फोटोतल्या त्या म्हाताऱ्या धनगराला ते आभाळ ओळखू येईल का?

---

थेम्सकाठची_सातारकर:
लाल_दिवा काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईच्या वणांचं तर विसरणार नाही.

घाटवाट, मी एकच नाव सांगते, ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, एकोणिसाव्या शतकातली फोटोग्राफर. इथे लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तिचं काम आहे आणि मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं प्रिंट खराब झालीये, तपकिरी, कडेला चरे, एका ठिकाणी बोटाचा ठसा, आणि चेहरा नीट फोकसमध्येच नाही. आणि तरी त्या चेहऱ्यासमोरून हलता येईना.

ही बाई १८१५ ची, जन्म कलकत्त्याचा. कॅमेरा हातात कधी आला तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलीने आणि जावयाने भेट दिला. तेव्हा इंग्लंडमधल्या 'आयल ऑफ वाइट' नावाच्या बेटावर राहायची. कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, कोळसा ठेवायच्या जागेची डार्करूम. तेव्हाची पद्धत म्हणजे काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, आणि ती काच ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायचाही, वाळली की संपलं. समोरच्या माणसाने मिनिटंच्या मिनिटं न हलता बसायचं. माणूस हलायचाच. बाकीचे असली काच फेकून द्यायचे, ही ठेवायची.

लंडनच्या फोटोग्राफीच्या मासिकांनी तिला धुऊन काढलं. फोकस येत नाही, काचा नीट धुता येत नाहीत, तंत्र शून्य. तिने १८६४ च्या शेवटच्या दिवशी जॉन हर्शेलला (तोच खगोलशास्त्रज्ञ, हायपो नावाच्या रसायनाने फोटो पक्का होतो हे ज्याने शोधलं) पत्र लिहिलं त्यात विचारलंय की फोकस म्हणजे काय, आणि कुठला फोकस कायदेशीर हे सांगायचा अधिकार कुणाला? तीन वर्षांनी त्याच हर्शेलचा फोटो काढला तिने, अंधारातून वर आलेला चेहरा, विस्कटलेले पांढरे केस. त्याच्याकडे बघताना फोकस वगैरे काही आठवत नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिच्यावरचा आरोप तुमच्या आरोपाच्या बरोब्बर उलटा होता. तिला म्हणत होते तू तंत्राचं काहीच करत नाहीस, तुम्हाला म्हणतायत फार करता. आणि तिच्याच काळात, १८५७ मध्ये, रेलँडर नावाच्या माणसाने तिसाच्या वर निगेटिव्ह जोडून एकच भलामोठा देखावा तयार केला, संगणक जन्मायच्या किती आधी बघा, आणि खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत घेतली. तेव्हा "फोटोग्राफी आधी शुद्ध होती आणि सॉफ्टवेअरने बिघडवली" हे मला कुठल्याच काळाला लागू पडताना दिसत नाही.

---

घाटवाट:
काय लिहिलंत तुम्ही दोघांनी, मी ऑफिसमधून वाचतोय आणि सगळं काम राहिलंय. मूनराइजच्या जुन्या आणि नव्या प्रिंट्स शोधून शेजारी लावून बघितल्या, काका तुम्ही म्हणता तसंच, विश्वास बसत नाही.

पण एक सांगा, फ्रान्सच्या कार्तिए-ब्रेसाँ या फोटोग्राफरचं काय? परीक्षकांनी त्यांचंच नाव घेतलं होतं, की तो माणूस क्रॉपसुद्धा करायचा नाही, म्हणजे फोटोच्या कडा कापायचा नाही, प्रिंटला काळी कड ठेवायचा म्हणजे अख्खी निगेटिव्ह छापलीये हे कळावं. हे तर खरं आहे ना? मग त्याला काय उत्तर?

---

पन्नास_एमेम:
खरं आहे, आणि त्याला उत्तर द्यायची गरज पण नाही, त्याची ती शिस्त होती. लायका कॅमेरा, बहुतेक वेळा एकच पन्नास एमेमची लेन्स, फ्लॅश नाही. फ्रेम कॅमेऱ्यातच पक्की करायची. मी वीस वर्षं त्याच्याच मागे आहे त्यामुळे बाजू घेऊनच बोलणार. पण त्याच्या नावाने काठी उगारणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्यात.

एक म्हणजे त्याचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो, पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनामागचा, १९३२. पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या आतला क्षण, आणि खाली त्याचं प्रतिबिंब. हा फोटो क्रॉप केलेला आहे! कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून कॅमेरा घातला होता, लेन्स पूर्ण आत गेली नाही म्हणून डावीकडे फळीचा काळा पट्टा आला, तो छापताना कापला. हे त्याने कधी लपवलं नाही.

दुसरं, तो स्वतः प्रिंट करायचा नाही. पॅरिसमध्ये पिएर गासमानची लॅब होती तिथे ते काम व्हायचं. आता प्रिंटर एनलार्जरखाली बसला की कुठे गडद कुठे फिकं हे त्याने हाताने ठरवायचंच असतं, कागद आपणहून काही ठरवत नाही. लाल_दिवा काका सांगतील.

आणि क्रॉप पाप असेल तर स्टीग्लिट्झलाही बाहेर काढावं लागेल. अमेरिकेत फोटोला चित्राच्या बरोबरीने भिंतीवर लावायला लावलं ते या माणसाने, न्यूयॉर्कला १९०५ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवर गॅलरी उघडली, १९०३ ते १९१७ 'कॅमेरा वर्क' मासिक काढलं. त्याचा १८९३ चा हिवाळ्यातला घोडागाडीचा फोटो बघा. बर्फाच्या वादळात हातातला कॅमेरा घेऊन तीन तास उभा राहिला होता. आणि मूळ निगेटिव्ह आडवी आहे, बाजूला माणसं, बराच पसारा. त्याने त्यातली उभी फाक काढली आणि घोडागाडी तेवढी ठेवली. तीन तास उभं राहणं जितकं फोटोग्राफी तितकंच नंतर ती फाक शोधणं पण.

नियमाने_चला यांच्याशी मी सहमत आहे पण, बातमीचा फोटो वेगळा. डोरोथिया लँजचा 'मायग्रंट मदर' घ्या, १९३६, कॅलिफोर्नियातल्या निपोमोचा मजुरांचा तळ. सरकारी खात्यासाठी काढलेला, म्हणजे पुरावा म्हणून. कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता, काही वर्षांनी लँजने निगेटिव्हमधून तो पुसून घेतला, आणि तिच्या वरच्या साहेबाला ते अजिबात पटलं नव्हतं. मला स्वतःला साहेबाचं म्हणणं पटतं. एवढासा अंगठा, पण तो फोटो देशासमोर ठेवला होता तो 'हे असं आहे' म्हणून.

---

नियमाने_चला:
लँजच्या अंगठ्याचं मला माहीत होतं, आम्हाला शिकवताना हेच उदाहरण द्यायचे. अजून एक जुनं उदाहरण रॉजर फेंटन या इंग्रज फोटोग्राफरचं, १८५५, क्रिमियाचं युद्ध. एकाच दरीचे एकाच जागेवरून दोन फोटो, एकात रस्त्यावर तोफेचे गोळे विखुरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. हे गोळे हलवले कोणी यावर आजही लोक भांडतात. आणि त्यात डार्करूमचा संबंधच नाही, प्रिंट अगदी सरळ आहे.

घाटवाट, तुमची स्पर्धा बातमी विभागात नव्हती असं दिसतंय. तसं असेल तर मी माझं पहिलं म्हणणं थोडं मागे घेतो. आभाळ गडद करणं आणि आभाळ बदलणं यात फरक आहेच.

---

जुनी_पेटी:
सगळी नावं युरोप-अमेरिकेची चाललीयेत म्हणून लिहिते. होमाई व्यारावाला यांचे फोटो बघाच. जन्म नवसारीचा १९१३, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे चित्रकलेची नजर तिथली. सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे कारण बाईने काढलेत हे कुणी धरलं नसतं. १९४२ पासून दिल्लीत, साडी नेसून जड कॅमेरा खांद्याला, सत्तांतराची सगळी वर्षं त्यांनी टिपली. बातमीच्या फोटोग्राफर, त्यामुळे हात फिरवायचा प्रश्न नाही. पण 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी पाटी आणि तिच्या शेजारी पंडित नेहरू, ही फ्रेम कुठे उभं राहून, कधी बटण दाबून मिळते? निवड तिथे पण आहेच, फक्त ती बटण दाबायच्या आधी होऊन जाते. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच, आणि पद्मविभूषण मिळालं २०११ ला, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

आणि अगदी दुसऱ्या टोकाला उमराव सिंग शेरगिल, चित्रकार अमृता शेरगिलचे वडील. घरच्या माणसांचे आणि स्वतःचे शेकडो फोटो काढले, कोणाला विकायचे नव्हते काही नाही. त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये तेच फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळून नवे केले, वेगवेगळ्या वर्षांतली माणसं एका खोलीत आणून बसवली. ते तर उघडउघड जोडकाम आहे, आणि तसं सांगूनच भिंतीवर लावलेलं. ते बघताना घरातली गेलेली माणसं एकत्र बसल्यासारखी वाटतात. मला ते फार आवडतं.

---

लाल_दिवा:
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. आता घाटवाट, तुझ्या फोटोवर येऊ. तू जो दुवा दिलास तो मोठा करून बघितला. फोटो चांगला आहे. पण एक सांगतो, राग मानू नकोस. डोंगराची कड बघ, जिथे आभाळ लागतं तिथे. एक पांढरी किनार दिसतेय मला, दोऱ्यासारखी, आणि उजवीकडच्या घोडीच्या पाठीवर पण. आभाळ खाली ओढताना तू कडेपर्यंत नीट गेला नाहीस, आणि उजळताना कडेच्या बाहेर सांडलंय.

आम्ही बर्निंग करायचो तेव्हा पुठ्ठ्याला भोक पाडून प्रकाश तेवढ्याच भागावर सोडायचा, पण पुठ्ठा एक सेकंद स्थिर धरायचा नाही, सारखा हलता ठेवायचा, गोल गोल, म्हणजे कड उमटत नाही. उस्ताद मनगटावर फूटपट्टी मारायचे हात थांबला की. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशची कड मऊ करायची सोय असेल ती पूर्ण वाढव, ताकद दहा टक्क्यांवर ठेव, आणि एकदम न ओढता वीस वेळा हलका हात फिरव.

---

घाटवाट:
काका, आत्ता दोनशे टक्के झूम करून बघितलं. किनार आहे. घोडीच्या पाठीवर तर स्पष्ट आहे, मला दोन महिन्यांत दिसली नाही. परीक्षकांना बहुतेक तीच दिसली असणार, आणि त्यांनी तेवढंच सांगितलं असतं तर मी आनंदाने ऐकलं असतं.

आभाळाचं विचारलंत ना, त्याला ओळखू येईल का. दिवाळीनंतर वाडा परत कोकणात उतरतो, त्याच रस्त्याने. तोवर नव्याने प्रिंट काढतो, तुम्ही सांगितलं तसं हलक्या हाताने, आणि एक त्यांना द्यायला घेऊन जातो. ते काय म्हणतात ते इथे लिहीन.

---

लाल_दिवा:
मॅट कागदावर काढ. ग्लॉसीवर काळं आभाळ काढलंस की त्यात बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. आणि घोंगडीत गुंडाळून जाईल ती, तेव्हा आठ बाय दहाच्या वर जाऊ नकोस, मागे पुठ्ठा लावून दे.